मंगळसूत्र सापडलं, तीन आठवडे कपाटात आहे: आता काय करायचं?

पुण्यात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात नात्यातल्या लग्नाला त्या आल्या होत्या. मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये त्यांना तुटलेलं मंगळसूत्र सापडलं, अंदाजे दोन तोळ्यांचं. माइकवरून पुकारलं तर दहाजणी ‘माझंच’ म्हणत येतील या भीतीने त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं आणि रात्रीच्या गाडीने परत गेल्या. तेव्हापासून ते कपाटात आहे. सासूबाई म्हणतात, अंबाबाईला वाहून टाक. भाऊ म्हणतो, मोडून पैसे अनाथाश्रमाला दे. ताईंना विचारायचं आहे की पोलिसांत जायलाच हवं का, खरी मालकीण ओळखायची कशी, आणि कोणीच आलं नाही तर त्या मंगळसूत्राचं काय करायचं.

ताई, माझी कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोन्याची पेढी आहे, वडिलांच्या हाताखाली हा धंदा शिकलो. सापडलेलं सोनं घेऊन माणसं पोलिसांच्या आधी आमच्याकडे येतात. कोणी ‘खरं आहे का बघा’ म्हणतं, कोणी ‘मोडायचंय’ म्हणतं. आणि ज्यांचं हरवलं, त्याही आमच्याकडेच येतात. त्यांच्याबद्दल आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात सासूबाई आहेत, भाऊ आहे, फक्त तीच बाई नाही.

ती दुपारी येते, दुकानात गर्दी नसते तेव्हा. बरोबर कोणी नसतं. मोबाइलमध्ये स्वतःच्या लग्नाचा फोटो मोठा करून दाखवते आणि विचारते, ‘अगदी अशाच वाट्या करून मिळतील का? हप्त्यांनी पैसे दिले तर चालेल का?’ मग आवाज उतरवून म्हणते, ‘घरी कळता कामा नये.’ अशा बायका मी किती पाहिल्या असतील. मंगळसूत्र हरवलं की घरात सोन्याच्या हिशोबाआधी अपशकुन निघतो. नवरा आजारी असेल तर विचारूच नका. दोन महिने ती पदर गळ्याभोवती घट्ट ओढून वावरते, नाहीतर काळ्या मण्यांची साधी पोत घालून ‘दुरुस्तीला टाकलंय’ असं सांगत राहते. तोळ्याचा भाव लाखाच्या पुढे गेल्यावर हुबेहूब दुसरं करून घेणं म्हणजे तिच्यासाठी कित्येक वर्षांचं कर्ज. तुमच्या कपाटातल्या वस्तूची किंमत करताना हे धरायला हवं. बाजारात ते दोन तोळे सोनं आहे. तिच्या घरात ते सगळंच आहे.

परदेशातल्या संशोधकांनी 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. 40 देशांतल्या 355 शहरांत त्यांनी 17 हजारांहून जास्त पाकिटं ‘सापडली’ म्हणून बँका, हॉटेलं, पोस्ट ऑफिसं अशा ठिकाणी काउंटरवर दिली आणि मालकाला कोण कळवतं ते पाहिलं. पैसे नसलेल्या पाकिटांपेक्षा पैसे असलेली पाकिटं जास्त प्रमाणात परत आली. काही पाकिटांत किल्ली होती, काहींत नव्हती. पाकीट ज्याच्या हातात पडलं त्याला किल्लीचा शून्य उपयोग, पण मालकाला मोठा. किल्ली असलेली पाकिटं आणखी जास्त परत आली. म्हणजे समोरच्याचं काय गेलंय हे डोळ्यांपुढे आलं की माणूस हलतो. म्हणून म्हणतो, त्या मंगळसूत्राकडे बघताना फोटो मोठा करून दाखवणारी ती बाई डोळ्यांपुढे ठेवा.

आता देवीचं. अंबाबाईवर माझीही श्रद्धा आहे, आमच्या पेढीपासून देऊळ हाकेच्या अंतरावर आहे. पण दुसरीचं मंगळसूत्र देवीला वाहणं म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. पुण्य तुमच्या नावावर, खर्च तिच्या. अनाथाश्रमाचंही तेच. दान करायचं तर आधी ती वस्तू आपली असावी लागते. त्यातून एकदा दानपेटीत पडलं किंवा मुशीत वितळलं की ते तिला परत मिळण्याची वाटच बंद होते. चोराने विकलं काय आणि आपण चांगल्या मनाने वाहिलं काय, तिच्या हातात काहीच येत नाही.

माझ्या बघण्यात लोभापायी सापडलेलं सोनं दाबणारे फार कमी. बहुतेक माणसं दिरंगाईने फसतात. पहिल्या दिवशी ‘उद्या बघू’. आठवड्याने ‘आता इतके दिवस झाले, लोक काय म्हणतील’. महिन्याने तीच लाज आड येते, आणि सहा महिन्यांनी ‘कोणी आलंच नाही’ असं स्वतःलाच सांगितलं जातं, जणू मालकिणीने आपलं कपाट शोधून काढायला हवं होतं. तुम्ही तीन आठवड्यांनी विचारताय. उशीर झालाय, पण सावरता येईल असा आहे. हे माझ्यापाशी लिहून थांबू नका, आजच पुढचा फोन करा.

कायद्याचं बोलायचं तर आपल्याकडे तो या बाबतीत बराच शहाणा आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 71 प्रमाणे दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो, त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. म्हणजे स्वतःची तशी वस्तू शहाणा माणूस जितकी जपेल तितकी जपायची. उचलायची सक्ती कोणी केली नव्हती, पण उचलली की जबाबदारी लागली. दुसरीकडे भारतीय न्याय संहितेचं कलम 314, जे 1 जुलै 2024 पूर्वी दंड संहितेत 403 होतं. सांभाळण्यासाठी किंवा मालकाला देण्यासाठी उचललं तर गुन्हा नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. गुन्हा कधी होतो? मालक माहीत असताना किंवा शोधता येण्यासारखा असताना वस्तू आपल्या वापरात घेतली तर. किंवा शोधाचा वाजवी प्रयत्न न करता, त्याला येण्याइतका वाजवी वेळ न देता घेतली तर. जुन्या कायद्यापासून त्यात उदाहरणं दिलेली आहेत. रस्त्यावर एक रुपया सापडला, कोणाचा ते कळायला मार्ग नाही, उचलला: गुन्हा नाही. मौल्यवान अंगठी सापडली, मालक शोधायचा प्रयत्नच न करता लगेच विकली: गुन्हा. आता शिक्षाही वाढली आहे, कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं आणि वर दंड.

तुम्ही ते घातलं नाही, विकलं नाही, मोडलं नाही. त्यामुळे आज तुमच्या हातून गुन्हा झालाय असं मी म्हणणार नाही. पण मंगल कार्यालय म्हणजे भर रस्ता नव्हे. तिथे त्या दिवशी कोणाचं लग्न होतं याची नोंद वहीत असते, दोन्हीकडच्या यजमानांचे फोन नंबर असतात, आणि वऱ्हाडी मोजके. मालकीण ‘शोधता येण्यासारखी’ आहे. ‘कळायला मार्ग नव्हता’ हे तिथे चालणार नाही.

एक गोष्ट आमच्या धंद्यातली, नव्या पोरांना मी आवर्जून सांगतो. 1722 साली लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्या एका मुलाला रत्नं जडवलेला दागिना सापडला. तो पॉल डी लामेरी या नामांकित सोनाराच्या दुकानात गेला. तिथल्या कारागिराने वजन करायच्या निमित्ताने रत्नं काढून घेतली आणि मुलाला तीन अर्धे पेनी देऊ केले. मुलाने नकार देऊन दागिना मागितला, तर हातात नुसतं रिकामं कोंदण आलं. मुलगा कोर्टात गेला आणि जिंकला. न्यायालय म्हणालं, सापडलेल्या वस्तूवर खऱ्या मालकाखेरीज इतर सगळ्यांविरुद्ध सापडणाऱ्याचा हक्क चालतो. सोनाराने रत्नं हजर केली नाहीत तर त्या कोंदणात बसेल अशा उत्तमातल्या उत्तम रत्नाची किंमत धरावी. हा निकाल आजही कायद्याच्या वर्गात शिकवतात. तुमच्यापुरता त्याचा अर्थ इतकाच की भाऊ, सासूबाई, मी, यांपैकी कोणालाही त्या वस्तूवर बोलायचा अधिकार नाही. तुमचा हक्क आमच्याहून मोठा आणि तिच्याहून लहान.

आता वस्तूकडे वळू. दिव्याखाली घ्या, पण हात शक्य तितका कमी लावा. धुऊ नका, उजाळा देऊ नका, तुटलेली कडी जोडून घेऊ नका. वाट्यांच्या आत हळदी-कुंकू बसलेलं असेल, राहू द्या. आधी तुटलेली जागा बघा. कडी घासून घासून केसाइतकी बारीक झालेली असेल आणि तिथेच सुटली असेल, तर ते झिजून गळून पडलंय. पण कडी ताणून लांबट झाली असेल, शेजारच्या एक-दोन कड्याही ओढल्यासारख्या वाकल्या असतील, तर कोणीतरी हिसका मारल्याची शक्यता आहे. चोरट्याच्या हातून निसटलेलं मंगळसूत्र असू शकतं. तसं दिसलं तर पुढचा सगळा घरगुती शोध सोडा आणि सरळ पोलिसांत जा, कारण मग तो गुन्ह्यातला मुद्देमाल असू शकतो.

झिजून तुटलेलं असेल तर खुणा टिपून ठेवा. वाट्या साध्या की नक्षीच्या, त्यांच्यामध्ये सोन्याचे मणी किती, काळे मणी एकसरी की दुपदरी, मागे फासा कसला, कुठे जुना डाख, म्हणजे जोड दिल्याची खूण, दिसतो का, कुठल्या वाटीला पोचा आहे. आणि सेफ्टी पिन बघा. आपल्या बायका मंगळसूत्रालाच पिना अडकवून ठेवतात. किती पिना आहेत, मोठी की लहान, एखादी गंजलेली, एखादी वाकडी, हे जगात फक्त तिला माहीत असतं. पावती तयार करता येते, पण पिनेची खोटी साक्ष देणं फार अवघड.

मग भिंगाने हॉलमार्क शोधा. 1 एप्रिल 2023 पासून विक्रीच्या हॉलमार्क दागिन्यावर एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असावा लागतो, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून सहा चिन्हांचा. तो ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की ज्या सराफाने हॉलमार्क करून घेतला त्याची नोंदणी आणि शुद्धता दिसते. सराफ कळला तर त्याच्या पावत्यांमध्ये गिऱ्हाइकाचं नाव मिळू शकतं. जुन्या दागिन्यावर अनेकदा निदान दुकानाची छाप तरी असते. ती वाचता आली नाही तर ओळखीच्या सराफाकडे न्या, मात्र ‘सापडलंय, मालकीण शोधतेय’ हे पहिल्या वाक्यात सांगा. शोधच न घेता विकलेला सापडलेला दागिना कायद्याच्या दृष्टीने चोरीच्या मालातच मोडतो आणि तो जाणूनबुजून घेणारा सराफही अडकतो. म्हणून चांगला सराफ अशा वेळी आधी विचारतो, कुठून आणलंत.

आम्हाला आणखी एक विचारता येतं, आणि ते फार कोणाला सुचत नाही. गेल्या महिन्याभरात कोणी बाई हुबेहूब वाट्या करून मागायला आली होती का? गुजरीत, सांगलीच्या सराफ कट्ट्यात, आजूबाजूच्या गावांत हा निरोप सराफांच्या ग्रुपवर फिरवता येतो. फोटो न टाकता. मालकिणी अशा सापडल्या आहेत.

फोटोचं जपा. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. भल्या मनाने लोक फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकतात, ‘ज्याचं असेल त्याने संपर्क साधावा’. झालं, आता वर्णन सगळ्यांनाच माहीत. तुम्हाला माइकची भीती वाटली ती खोटी नव्हती, पण उपाय गप्प बसणं हा नव्हता. ‘अमुक तारखेला अमुक कार्यालयात एक दागिना सापडला आहे, खूण पटवून न्यावा’ एवढंच पुकारायचं. मंगळसूत्र की बांगडी, तेसुद्धा नाही. खूण दुसऱ्याने सांगायची, आपण नाही. हा नियम फार जुना आहे. मनुस्मृतीत आठव्या अध्यायात सांगितलंय की ‘हे माझं’ म्हणणाऱ्याला वस्तूचं रूप आणि संख्या विचारावी, जुळलं तरच द्यावं, आणि खोटा दावा करणाऱ्याला त्या वस्तूइतका दंड करावा. इस्लामी परंपरेत सापडलेल्या पैशांबाबत प्रेषितांची शिकवण अशी की पिशवी कसली होती आणि तिचं तोंड कशाने बांधलं होतं हे ध्यानात ठेव, आणि वर्षभर जाहीर करत राहा. दोन वेगळ्या परंपरा सापडणाऱ्याला एकच सांगतात: खूण तुझ्यापाशी राहू दे.

पोलिसांकडे जावंच का? माझं उत्तर, हो, जावं. माणसं का बिचकतात ते मला कळतं. ‘आपल्यालाच बसवून ठेवतील’, ‘ते तिथंच गडप होईल’. यावर उपाय कागद आहे. ज्या हद्दीत सापडलं त्या कोल्हापुरातल्या पोलीस ठाण्यात आधी फोन करून विचारा की त्या तारखेच्या आसपास मंगळसूत्र गहाळ झाल्याची नोंद आहे का. असेल तर निम्मं काम तिथेच झालं. नसेल तर लेखी अर्ज द्या: कुठे, कधी, कसं सापडलं, वजन किती, आणि उशीर का झाला तेही सरळ लिहा, लपवू नका. अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. दागिना जमा करत असाल तर पंचांसमोर वजन करून, फोटो काढून पंचनामा करायला सांगा. बरोबर गावातलं ओळखीचं कोणी असेल तर घेऊन जा. जमा केलेलं सोनं वर्षानुवर्षं मुद्देमाल खोलीत पडून राहायचं, ही तक्रार खरी होती. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलं की जप्तीतले दागिने पंचनामा, फोटो आणि हमीपत्र घेऊन हक्काच्या माणसाला लवकर द्यावेत. हा निकाल मुद्देमालाबद्दलचा आहे, पण मालकिणीला अर्ज करताना त्याचा आधार घेता येतो.

त्या कागदाचा उपयोग तुम्हालाही आहे. रिक्षावाल्यांचं मी पाहिलंय. बॅग परत द्यायला धंदा सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला जातात, आणि समोरचा बॅग उघडून म्हणतो, ‘यात अजून दहा हजार होते.’ प्रामाणिक माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. म्हणून दोन साक्षीदार, मोजदाद, आणि देताना घेणाऱ्याची सही. यात अविश्वास काही नाही.

बक्षिसाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल तर करार कायद्याच्या कलम 168 प्रमाणे ते मागता येतं आणि मिळेपर्यंत वस्तू अडवूनही ठेवता येते. शोधण्याचा-सांभाळण्याचा खर्च मागून दावा लावता येत नाही, पण तो मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवायचा हक्क आहे. जपानच्या कायद्यात तर सापडणाऱ्याला किमतीच्या 5 ते 20 टक्के मोबदला ठरलेला आहे. आपल्याकडे तसा नाही, आणि माझ्या मते यात गरिबावर अन्याय होतो. मोलकरणीने, हमालाने दोन तोळे परत केले आणि मालकाने पन्नासची नोट पुढे केली, असं घडतं आणि मला त्याची चीड येते. ज्याची दिवसाची मजुरी बुडाली त्याला ती भरून देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. त्याने ते घेण्यात कमीपणा नाही. तुमची परिस्थिती बरी असावी असं धरून म्हणतो, तुम्ही काही मागू नका. तिने प्रेमाने साडी दिली तर घ्या.

कोणीच आलं नाही तर? कायद्याने ‘वाजवी वेळ’ दिवसांत मोजून दिलेला नाही, तो वस्तूवर आणि परिस्थितीवर ठरतो. करार कायद्याचं कलम 169 सापडणाऱ्याला विक्रीची मुभा देतं ती दोनच कारणांनी: वस्तू नासण्याची किंवा बहुतेक किंमत गमावण्याची भीती असेल, नाहीतर रास्त खर्च तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशावर गेला असेल. सोनं नासत नाही आणि त्याची किंमत तुमच्या फोनच्या खर्चाने खाल्ली जाणार नाही. म्हणजे विकायची घाई करायला कायद्यात आधार नाही. अशा वेळी पोलिसांत जमा करून पावती आपल्यापाशी ठेवणं हाच स्वच्छ मार्ग. बेवारस मालाचं पुढे काय करायचं याची तरतूद महाराष्ट्र पोलीस अधिनियमात आहे, तो भार तुम्ही डोक्यावर घेऊ नका. मनाला देवीला काही वाहायचंच असेल तर स्वतःच्या कमाईतलं वाहा, ते तिला पोचेल.

आणि मालकीण मिळाली, खूण पटली, तर शेवटची एक काळजी. तिच्या घरच्या फोनवर जो उचलेल त्याला ‘तुमच्या सुनेचं मंगळसूत्र सापडलंय’ असं सांगू नका. घरात तिने अजून सांगितलं नसेल. कार्यालयाच्या व्यवस्थापकालाही हे आधीच बजावा. यजमानांकडून तिचा स्वतःचा नंबर मिळवा, तिच्याशीच बोला, कुठे आणि कोणासमोर घ्यायचं ते तिला ठरवू द्या. पोलीस ठाण्यात एकटीने जायला ती कचरत असेल तर गुजरीत आमच्या पेढीवर या दोघी. कडी जोडून देऊ, मजुरी घेणार नाही.